पंचगंगेच्या खोऱ्यात बिनतारी जाळे कसे आखावे : समाजजालाच्या अभ्यासातून घ्यायच्या पद्धती

बिनतारी जाळे आखताना अभियंता प्रथम उंच जागा शोधतो, अंतरे मोजतो आणि अँटेनाची निवड करतो. ही कामे आवश्यक आहेत, परंतु कोणता नोड (म्हणजे जाळ्यातले एक ठाणे) बंद पडला तर जाळ्याचे तुकडे होतील, कोणत्या नोडवर अवाजवी भार येईल आणि एकच दुवा वाढवायचा असेल तर तो कोठे वाढवावा, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. माणसांच्या ओळखीपाळखीच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी नेमके हेच प्रश्न गेली अनेक दशके हाताळले आहेत, आणि त्यांनी तयार केलेली मापे रेडिओच्या जाळ्याला बऱ्याच अंशी लागू पडतात. ती कोठे लागू पडतात, कोठे पडत नाहीत आणि प्रत्यक्ष आखणीत ती कशी वापरावीत, हे पुढे एका उदाहरणाच्या आधारे मांडले आहे.

उदाहरण असे की, पंचगंगेच्या काठावरील गावांत पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवायचे आहेत आणि त्यांची माहिती कोल्हापुरात पोहोचवून गावोगावी परत सूचना द्यायची आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून वाहणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या काठावरची नऊ ठिकाणे वरून खाली अशी घेऊ : प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे, कसबा बावडा, शिये, शिरोली, रुकडी, इचलकरंजी आणि नृसिंहवाडी. प्रत्यक्ष जाळ्यात यांच्या दरम्यान आणखी नोड लागतील, विशेषतः इचलकरंजीच्या पुढे. पण हिशेब हाताने करून पाहता यावा म्हणून येथे नऊच ठेवले आहेत. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हेच उदाहरण पुरेसे आहे, आणि ग्रामपंचायतीसाठी किंवा सहकारी संस्थेसाठी खरे जाळे उभारणाऱ्यांनाही याच क्रमाने जाता येईल.

आधी दोन आलेख काढावेत

आलेख म्हणजे येथे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. पहिला आलेख माणसांचा. ज्या गावांना सूचना द्यायची आहे, त्या गावांत जाऊन तीन साधे प्रश्न विचारावेत : गेल्या महापुरात पाणी वाढल्याची पहिली बातमी तुम्हाला कोणाकडून कळली, ती तुम्ही पुढे कोणाला सांगितली, आणि घर सोडावे लागले तेव्हा माणसे व जनावरे कोठे नेली. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून बाणांचा आलेख तयार होतो, म्हणजे बातमी कोणाकडून कोणाकडे गेली हे दिशेसह कळते. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे आहे. सूचना देणारा भोंगा किंवा पडदा चावडीवर लावला आणि पुराच्या रात्री गाव माळावरच्या शाळेत किंवा पाहुण्यांच्या गावी गेलेले असले, तर तांत्रिकदृष्ट्या चालू असलेला नोडही निरुपयोगी ठरतो. म्हणून नोड कोठे असावेत हे ठरवताना लोकांच्या वावराच्या जागांबरोबर त्यांच्या आसऱ्याच्या जागाही आलेखात याव्यात.

प्रश्न विचारताना केवळ सरपंच, पोलीस पाटील आणि सोसायटीचे चेअरमन यांच्यापाशी थांबू नये. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवून दिले की, नवी माहिती बहुधा जवळच्या घट्ट नात्यांतून येत नाही, तर विरळ ओळखींतून येते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुतांशी आपल्यालाही ठाऊक असते. आपल्याकडे अशा विरळ ओळखी पुष्कळदा सोयरिकीतून, बाजाराच्या दिवसातून आणि दुधाच्या फेरीतून तयार होतात. चिखलीची लेक शिरोळ तालुक्यात दिली असेल, तर वरच्या अंगाला पाणी चढल्याचे खालच्या गावाला सरकारी निरोपाआधी तिच्याकडून कळू शकते. गावातल्या स्त्रियांना हे प्रश्न विचारले नाहीत, तर आलेखातले असे लांबचे दुवे निसटतात, आणि तेच दुवे सर्वांत मोलाचे असतात.

दुसरा आलेख रेडिओचा. यात प्रत्येक संभाव्य जागा हा एक नोड आणि ज्या दोन जागांमध्ये विश्वसनीय संपर्क होऊ शकतो त्यांच्यामध्ये एक दुवा. तो काढण्यासाठी क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत उंचीची माहिती घेऊन दृष्टिरेषा तपासता येते, पण एवढ्यावर विसंबू नये. दोन अँटेनांमधली केवळ सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीच्या पहिल्या फ्रेनेल क्षेत्राचा, म्हणजे लहरी ज्या लांबट फुगीर जागेतून जातात तिचा, किमान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. या क्षेत्राची मध्यावरची त्रिज्या मीटरमध्ये काढण्यासाठी किलोमीटरमधील अंतराला गिगाहर्ट्झमधील वारंवारतेच्या चौपटीने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १७.३२ ने गुणावे. १० किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झला ही त्रिज्या सुमारे ११.४ मीटर येते, तर ८६६ मेगाहर्ट्झला सुमारे २९.४ मीटर. म्हणजे ६० टक्क्यांच्या नियमाने मध्यावर अनुक्रमे ७ आणि १८ मीटरच्या आसपास मोकळीक हवी. त्यात पृथ्वीच्या वक्रतेचा फुगवटा मिळवावा लागतो. तो १० किलोमीटरला दीड मीटरच्या आत असतो, पण ३० किलोमीटरला सुमारे १३ मीटर होतो.

या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे, ती म्हणजे ऊस. गळीत हंगाम संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत शिवार बरेच मोकळे झालेले असते आणि त्या दिवसांत मोजलेला दुवा उत्तम वाटतो. जाळ्याची खरी गरज मात्र जुलै-ऑगस्टमध्ये असते, तेव्हा आडसाली ऊस डोक्याच्या बराच वर गेलेला असतो आणि त्याची पाने पावसाने ओली असतात. ओल्या पानोळ्यातून जाताना लहरी क्षीण होतात, आणि वारंवारता जितकी जास्त तितके हे क्षीण होणेही जास्त. म्हणून दुव्यांची मोजणी पावसाळ्यात करावी. ते शक्य नसेल तर उन्हाळ्यातल्या मोजणीत जे दुवे जेमतेम चालतात ते आलेखातून सरळ वगळावेत. मोजणी दोन्ही दिशांनी करावी, कारण क ला ख ऐकू येतो म्हणून ख ला क ऐकू येईलच असे नसते.

वारंवारतेची निवड करताना नियमांची चौकट अनुकूल आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. त्यात प्रेषकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि परिणामी प्रारित शक्ती (अँटेनाचा लाभ धरून बाहेर पडणारी) ४ वॅटपर्यंत ठेवता येते. लोरा तंत्रज्ञान याच पट्ट्यात चालते आणि पाण्याच्या पातळीसारखी थोडकी माहिती दूरवर नेण्यासाठी ते योग्य आहे. छायाचित्रे किंवा ध्वनी न्यायचा असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. त्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला.

मापे काढावीत, आणि ती हाताने काढून पाहावीत

समाजजालाच्या अभ्यासातले सर्वांत उपयोगी माप म्हणजे मध्यस्थता. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये त्याची व्याख्या केली : बाकीच्या नोडांच्या जोड्यांपैकी किती जोड्यांची सर्वांत जवळची वाट एखाद्या नोडमधून जाते, ती त्या नोडची मध्यस्थता. पायथन या संगणकभाषेतील नेटवर्कएक्स या संग्रहात ती एका ओळीत निघते, परंतु पहिल्यांदा कागदावर काढावी, कारण त्याशिवाय आकड्यांचा अर्थ अंगी मुरत नाही.

आपली नऊ ठिकाणे नदीच्या क्रमाने एका साखळीत जोडली आहेत असे धरू. कोणत्याही दोन ठिकाणांमधील सरासरी अंतर ३.३३ टप्पे येते (एका नोडवरून जोडलेल्या शेजारच्या नोडवर जाणे हा एक टप्पा) आणि चिखली ते नृसिंहवाडी हे सर्वांत मोठे अंतर ८ टप्पे. मधोमध असलेल्या शिये येथील नोडमधून, तो सोडून उरलेल्या २८ जोड्यांपैकी १६ जोड्यांची वाट जाते. हा नोड बंद पडला की जाळे दुभंगले. टप्प्यांची संख्या का महत्त्वाची, हेही येथेच पाहून घ्यावे : प्रत्येक टप्प्यावर निरोप पोहोचण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर ८ टप्प्यांनंतर ती ६६ टक्क्यांवर येते, ५ टप्प्यांनंतर ७७ टक्के राहते. स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या १९६७ च्या प्रसिद्ध प्रयोगात ओळखीच्या माणसांमार्फत एका अनोळखी माणसापर्यंत पत्र पोहोचवायचे होते. त्याबद्दल आपण ऐकतो ते एवढेच, की सहा टप्प्यांत कोणीही कोणापर्यंत पोहोचतो. परंतु त्या मालिकेतल्या १९६९ च्या शोधनिबंधात नोंदले आहे की, सुरुवातीला निवडलेल्या २९६ जणांपैकी ६४ जणांचीच पत्रे मुक्कामी पोहोचली. पोहोचलेल्यांच्या साखळीत सरासरी ५.२ मध्यस्थ होते. बाकीची सुरुवातीलाच किंवा वाटेत कोठेतरी अडकली. बिनतारी जाळ्याच्या आखणीकाराने या प्रयोगातून उचलायचा धडा सहा टप्प्यांचा नसून वाटेत हरवलेल्या पत्रांचा आहे, असे माझे मत आहे.

आता एक लांब दुवा घालावा. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी दाखवले की, शेजाऱ्या-शेजाऱ्यांपुरत्या जोडलेल्या जाळ्यात अगदी थोडे लांब दुवे घातले तरी सरासरी अंतर झपाट्याने कमी होते, आणि शेजारपणाचे गुच्छ मात्र तसेच राहतात. आपल्या साखळीत वडणगे आणि रुकडी यांना एका दुव्याने जोडले, तर सरासरी अंतर ३.३३ वरून २.४२ वर येते, सर्वांत मोठे अंतर ८ वरून ५ होते, आणि शिये येथील मध्यस्थता १६ वरून थेट १ वर उतरते. एका दुव्याच्या खर्चात झालेला हा लाभ लक्षणीय आहे. प्रत्यक्षात हा दुवा जोतिबाच्या डोंगरावरील पुनःप्रक्षेपकामार्गे (आलेला निरोप पुढे पाठवणाऱ्या यंत्रामार्गे) न्यावा लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी तो येथे एकच दुवा धरला आहे.

येथे थांबले तर मात्र फसगत होते. शियेवरचा भार नाहीसा झालेला नाही, तो सरकला आहे. वडणगे आणि रुकडी यांची मध्यस्थता १२ वरून प्रत्येकी १५ झाली आहे. त्यातून पाणीपातळीचे जाळे हे सर्वांनी सर्वांशी बोलण्याचे जाळे नसते. सर्व माहिती गेटवेकडे, म्हणजे ती गोळा करणाऱ्या मुख्य नोडकडे जाते. गेटवे कसबा बावड्यात आहे असे धरून, प्रत्येक नोडने एकेक निरोप पाठवला तर मूळ साखळीत शियेला स्वतःचा धरून ५ निरोप पुढे ढकलावे लागतात. लांब दुवा घातल्यावर शियेकडे २ उरतात, पण वडणग्याकडे ६ येतात, कारण रुकडी, इचलकरंजी आणि नृसिंहवाडी यांचे निरोपही आता तेथूनच वळतात. सौर पॅनेल आणि बॅटरी सगळीकडे सारखीच बसवली असेल, तर ढगाळ आठवड्यात वडणग्याचा नोड सर्वांआधी झोपेल. उपाय दोन आहेत : वडणग्याला मोठी बॅटरी द्यावी किंवा रुकडीला दुसरा गेटवे ठेवावा. दुसऱ्या उपायाने कोणत्याही नोडवरचा भार ३ निरोपांच्या वर जात नाही, आणि एक गेटवे बंद पडला तरी दुसरा राहतो. मला तो अधिक पसंत आहे. म्हणून मध्यस्थता काढताना सर्व जोड्या न घेता केवळ नोड आणि गेटवे यांच्या जोड्या घ्याव्यात, आणि दुवा वाढवल्यानंतर प्रत्येक वेळी हिशेब पुन्हा करावा.

लांब दुवा किती लांब असावा, हा पुढचा प्रश्न. अहमद हेल्मी यांनी २००३ मध्ये बिनतारी जाळ्यांच्या संदर्भात दाखवले की, असे दुवे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे असण्याची गरज नाही. जाळ्याच्या विस्ताराचा काही अंश इतकी लांबी असली तरी अंतर कमी होण्याचा बहुतेक फायदा मिळतो. जॉन क्लाइनबर्ग यांनी २००० मध्ये आणखी एक बाब सिद्ध केली : जवळची वाट अस्तित्वात असणे वेगळे आणि केवळ आपल्या शेजाऱ्यांची माहिती असलेल्या नोडला ती सापडणे वेगळे. ती सापडायची असेल तर आखूड, मध्यम आणि लांब अशा सर्व पल्ल्यांचे दुवे योग्य प्रमाणात असावे लागतात. आपल्या आकाराच्या जाळ्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की सगळा खर्च एका भव्य मनोऱ्यावर करण्यापेक्षा मध्यम पल्ल्याचे दोन-तीन दुवे अधिक कामाचे ठरतात.

पूर डोळ्यांसमोर ठेवून नोड काढून पाहावेत

जाळे किती टिकाऊ आहे हे पाहण्यासाठी नोड एकेक करून काढून टाकायचे आणि उरलेले जाळे जोडलेले राहते का ते पाहायचे, ही पद्धत रूढ आहे. रेका आल्बर्ट, हावूंग जोंग आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी २००० मध्ये असे दाखवले की, ज्या जाळ्यांत थोड्या नोडांकडे फार मोठ्या संख्येने दुवे असतात, ती जाळी कोणतेही नोड सहजगत्या बंद पडले तर तग धरतात, पण नेमके मोठे नोड काढले तर लवकर कोसळतात. सगळी गावे एका जोतिबाच्या डोंगराला जोडण्याचा मोह होतो, आणि तसे केल्यास हीच अवस्था ओढवते. डोंगरावर वीज पडली किंवा तेथील वीजपुरवठा तुटला की सारे एकदम गप्प.

परंतु आपल्याकडे याहून वेगळी चाचणी लागते, आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. पूर नोड निवडताना चिठ्ठी टाकत नाही, तसेच सर्वांत मोठा नोडही शोधत नाही. तो उंचीच्या क्रमाने येतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. म्हणून प्रत्येक नोडसाठी आणि, तितकेच महत्त्वाचे म्हणजे, त्याला वीज देणाऱ्या रोहित्रासाठी किती फूट पाण्याला तो बुडतो किंवा बंद करावा लागतो हे लिहून काढावे. गावातल्या भिंतींवर पूररेषेच्या खुणा असतात आणि वयस्कर माणसांना पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे नेमके आठवते. ही माहिती उपग्रहावरून मोजलेल्या उंचीपेक्षा अधिक अचूक निघते. मग ३९, ४३, ५० आणि ५६ फूट अशा पातळ्यांना जे नोड जातील ते सर्व एकदम काढून आलेख तपासावा. ज्या पातळीला एखादे गाव गेटवेपासून तुटते, ती पातळी त्या गावाच्या नावापुढे लिहावी. या एका तक्त्याचे मोल साऱ्या मापांहून अधिक आहे.

आपल्या उदाहरणात एक लांब दुवा घातल्यावरही आंबेवाडी, वडणगे, रुकडी आणि इचलकरंजी यांपैकी कोणताही एक नोड गेला तर जाळे तुटते. चिखली ते कसबा बावडा आणि शिरोली ते नृसिंहवाडी असे आणखी दोन दुवे घातले, तर कोणताही एक नोड काढला तरी बाकीचे जोडलेले राहतात. वाचकाने नऊ ठिपके काढून हे स्वतः पडताळून पाहावे. शिरोली-नृसिंहवाडी हे अंतर मोठे असल्यामुळे तो दुवा हातकणंगले तालुक्यातील बाहुबलीच्या डोंगरामार्गे न्यावा. जोतिबा आणि बाहुबली या दोन्ही उंच जागा वापरण्याचे कारण हेच, की दोहोंचा वीजपुरवठा, रस्ता आणि हवामान एकाच वेळी बिघडण्याची शक्यता कमी असते. शिरोलीजवळ महामार्ग २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. नदीच्या दोन्ही बाजूंना दुरुस्तीचे सुटे साहित्य वेगवेगळे ठेवावे लागते, ते त्यामुळेच.

रेडिओ कोठे समाजासारखा वागत नाही

माणसाच्या ओळखी वाढल्या तर सहसा त्याचा लाभच होतो. रेडिओचे तसे नाही. एक नोड बोलू लागला की त्याच वाहिनीवरील आसपासच्या सर्वांना गप्प बसावे लागते, मग निरोप त्यांच्यासाठी असो वा नसो. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये सिद्ध केले की, विस्कळीतपणे पसरलेल्या बिनतारी जाळ्यात नोडांची संख्या वाढत जाते तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो. तो ढोबळमानाने नोडांची संख्या आणि तिचा लॉगॅरिदम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून समाजजालात जास्त दुवे असलेला नोड प्रतिष्ठित ठरतो, पण रेडिओत तोच सर्वाधिक गोंगाट सोसणारा असू शकतो.

यासाठी तिसरा आलेख काढावा, तो अडथळ्यांचा. ज्या दोन दुव्यांवर एकाच वेळी बोलले असता एकमेकांना बाधा होते, ते दोन दुवे या आलेखात जोडावेत आणि जोडलेल्यांना वेगवेगळ्या वाहिन्या किंवा वेगवेगळ्या वेळा द्याव्यात. लोरामध्ये प्रसरण गुणांक, म्हणजे निरोप किती सावकाश पसरवून पाठवायचा हे ठरवणारा आकडा, ७ पासून १२ पर्यंत घेता येतो. तो एकाने वाढवला की पल्ला वाढतो, पण तोच निरोप हवेत जवळपास दुप्पट वेळ राहतो आणि बॅटरी व वाहिनी दोन्ही अधिक खर्ची पडतात. सगळ्या नोडांना सरसकट १२ देण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे. जवळच्या दुव्याला ७ किंवा ८ द्यावा आणि मोठे गुणांक डोंगरावरच्या लांब दुव्यांसाठी राखावेत.

शहरातल्या वाय-फायबाबत थोडक्यात सांगता येईल. महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीसारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. तेथे शक्ती वाढवून काहीच साधत नाही. उलट ती कमी करून ५ गिगाहर्ट्झकडे जावे, आणि पेठेतील तालीम मंडळे, वाचनालये व पतसंस्था यांनी आपसांत वाहिन्या वाटून घ्याव्यात. शेजाऱ्यांची परस्परांशी ओळख असलेल्या पेठेत ही वाटणी एका बैठकीत होते. ही तांत्रिक समस्या अर्ध्याहून अधिक सामाजिकच आहे.

दूधगाडीवरून माहिती नेणे

सर्वच माहिती तातडीची नसते. जमिनीतील ओल, विहिरीची पातळी, हवामान केंद्राच्या तासागणिक नोंदी या संध्याकाळपर्यंत पोहोचल्या तरी चालते. अशा माहितीसाठी कायमचा दुवा उभारण्याऐवजी येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनावर एक लहान यंत्र बसवता येते. वाहन नोडजवळून गेले की ते माहिती उचलते आणि गेटवेजवळ आले की उतरवते. मॅथियास ग्रोसग्लाउझर आणि डेव्हिड त्से यांनी दाखवले आहे की, नोड फिरते असतील आणि विलंब चालणार असेल, तर गुप्ता-कुमार यांनी दाखवलेली मर्यादा सैल होते. कोल्हापूर जिल्ह्यात यासाठी दूधसंकलनाहून चांगली व्यवस्था मिळणे कठीण, कारण गावोगावच्या दूधसंस्थांकडे सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी वाहन येते.

येथे समाजजालाचा विचार सर्वांत थेटपणे लागू पडतो, कारण कोण कोणाला केव्हा भेटतो हाच आलेख असतो. तीन-चार आठवडे प्रत्येक वाहन कोणत्या नोडजवळ किती वाजता व किती वेळ होते याची नोंद ठेवावी. या नोंदींचा एकच सरसकट आलेख काढू नये, कारण त्यात वेळेचा क्रम हरवतो. वाहन सकाळी आधी अ गावी आणि मग ब गावी जात असेल, तर अ ची माहिती ब ला त्याच फेरीत मिळते. ब ची माहिती अ ला मिळायला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. दुवा दोघांमध्ये एकच, पण दोन दिशांचा विलंब निराळा. म्हणून वेळेच्या क्रमाने चालणाऱ्या वाटाच मोजाव्यात.

निरोप कोणाकडे सोपवावा यासाठी दोन पद्धती अभ्यासण्यासारख्या आहेत. एलिझाबेथ डेली आणि मॅड्स हार यांची २००७ ची सिमबेट पद्धत, मुक्कामाच्या नोडशी ज्याच्या भेटीगाठी जुळतात आणि ज्याची मध्यस्थता अधिक आहे अशाकडे निरोप देते. पान हुई, जॉन क्रोक्रॉफ्ट आणि एको योनेकी यांची २००८ ची बबल रॅप पद्धत निरोपाला प्रथम सर्वाधिक फिरणाऱ्यांकडे चढवत नेते आणि मुक्कामाच्या समूहातील कोणी भेटताच त्या समूहातच ठेवते. आपल्या कामाला याहून सोपा मार्ग पुरतो : प्रत्येक निरोपाच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या मार्गांच्या वाहनांना द्याव्यात आणि त्यांतील एक पोहोचली की थांबावे. पुराच्या सूचनेसाठी मात्र ही व्यवस्था कदापि वापरू नये, कारण रस्ते बंद झाले की दूधगाड्याच सर्वांत आधी थांबतात.

नोंदी, संमती आणि छपराचा धनी

कोण कोणाला भेटतो, कोणाचे बोलणे कोण ऐकतो, याची नोंद ही व्यक्तिगत माहिती आहे. भारतात २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. परंतु कायदा नसता तरी गावाने विश्वासाने दिलेली माहिती जपणे हे आखणीकाराचे कर्तव्य ठरले असते. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत, क्रमांक आणि नावे यांची यादी वेगळी ठेवावी, आखणी पुरी झाल्यावर ती यादी नष्ट करावी, आणि गावाचा आलेख प्रथम गावालाच दाखवावा. अमुक माणसाचे कोणी ऐकत नाही, असे आकड्यांतून निघाले तर ते गावात फिरता कामा नये.

नोड ज्या छपरावर बसवायचा त्या छपराचा धनी निवडताना पहिल्या आलेखाचा पुन्हा उपयोग होतो. उंचीने दोन मीटर कमी, पण ज्याच्याकडे लोक आपणहून जातात, ज्याच्या घरी पुराच्या रात्रीही कोणी ना कोणी जागे असते, अशी जागा मिळत असेल तर मी तीच घेईन. पॅनेलवरची धूळ पुसणे, उंदराने कुरतडलेली तार ओळखणे, दिवा बंद दिसला तर फोन करणे ही कामे पगारी तंत्रज्ञाच्या भेटीपेक्षा शेजाऱ्याच्या लक्षामुळे होतात. प्रत्येक नोडला असा एक धनी आणि त्याच्या अनुपस्थितीत पाहणारा दुसरा माणूस असावा, आणि हे दोघे एकाच घरातले नसावेत.

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे पाऊस सुरू असताना, एक दिवस संपूर्ण चाचणीसाठी ठेवावा. त्या दिवशी उंचीच्या तक्त्याप्रमाणे ४३ फुटांना जाणारे सर्व नोड प्रत्यक्ष बंद करावेत, प्रत्येक गावातून एक निरोप पाठवावा आणि तो गेटवेवर किती मिनिटांत आला हे नोंदवावे. नंतर ५० फुटांचे नोडही बंद करून हेच पुन्हा करावे. जे गाव कागदावर जोडलेले होते पण प्रत्यक्षात तुटले, त्या गावाचा दुवा आषाढ लागण्यापूर्वी बदलावा, आणि बदललेल्या आलेखावर भाराचा हिशेब नव्याने करून बॅटऱ्यांची वाटणी त्याप्रमाणे करावी.